तिसऱ्याला करंट नाही

रोहिदास अंजलीला पहिल्या दिवसापासून पाण्यात पाहत होता, आणि अंजलीही काही कमी नव्हती.

महाळुंग्याच्या त्या पावडर कोटिंगच्या शेडमध्ये तो मेंटेनन्सचा जुना माणूस. शेड त्याच्या चुलत्यांच्या रानात उभी राहिलेली, त्यामुळे तिथली प्रत्येक वायर आपल्या घरची असल्याचा त्याचा थाट. ती पिंपळे गुरवची, डिप्लोमा करून आलेली, अजून कायम न झालेली. तिला ठेवायचं की घरी पाठवायचं हे मालक, म्हणजे गणराज सर, ठरवणार होते. त्यांचे कान भरायचं काम रोहिदास मन लावून करायचा.

भांडणाचं मूळ एका शब्दात होतं. रोहिदास टेस्टर लावायचा, त्यातला दिवा पेटला की म्हणायचा, करंट हाय. अंजलीने एकदा चहाच्या वेळी सगळ्यांदेखत त्याला दुरुस्त केलं. टेस्टर पेटला म्हणजे नुसतं व्होल्टेज आहे. करंट म्हणजे वायरीतून प्रत्यक्ष वाहतं ते, आणि ते टाँग टेस्टरचा चिमटा वायरीला घातल्याशिवाय कळत नाही. सगळे हसले, तेही तिलाच. तेव्हापासून ती दिसली की रोहिदास मोठ्याने विचारायचा, मॅडम, माझ्या च्यात करंट हाय का नुसतं व्होल्टेज? पुन्हा हशा. तिचा संताप संताप व्हायचा, आणि हसणाऱ्यांपेक्षा हसवणाऱ्यावर तिने दात धरला होता.

अशात रंग भाजायची भट्टी तापेना. दोनशे अंशांवर जायची ती दीडशेलाच अडकली, रंग कच्चा राहू लागला, नखाने खरवडला की निघायचा. रोहिदासने तिन्ही हिटरना टेस्टर लावला. तिन्हीकडे दिवा पेटला. झालं, हिटर ठणठणीत आणि दोष मॅडमच्या सेटिंगचा. गणराज सरांनी अंजलीला केबिनमध्ये बोलावून सांगितलं की उद्या दुपारपर्यंत भट्टी तापली नाही, तर परवापासून येऊ नका.

दुसऱ्या दिवशी आल्या आल्या तिने टाँग टेस्टर घेतला आणि सरांना पॅनलपाशी उभं केलं. पहिल्या हिटरला व्होल्टेज दोनशे चाळीस, करंट वीस. भागाकार केला, रेझिस्टन्स बारा ओहम. गुणाकार केला, पॉवर चार हजार आठशे वॉट. हिटरच्या पट्टीवर तेच कोरलेलं होतं. दुसराही तसाच निघाला. तिसऱ्याला व्होल्टेज दोनशे चाळीसच, करंट मात्र शून्य. शून्याने भागायला गेलं तर उत्तरच येत नाही, म्हणजे आतली कॉइल तुटलेली आणि वाटच बंद. दोनशे चाळीस गुणिले शून्य, पॉवरही शून्य. तिघांचं काम दोघंच ओढत होते, मग भट्टी तापणार कशी?

सरांनी रोहिदासला तिसरा हिटर बदलायला सांगितलं आणि फोन आला म्हणून ते बाहेर गेले. रोहिदास पाना घेऊन भट्टीच्या मागे गेला. त्याचं तोंड उतरलेलं पाहून अंजलीला बरं वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं.

हिटरची जोडणी भट्टीच्या मागे आणि स्विच पुढच्या पॅनलवर. पुढच्याने स्विच खाली पाडून लाइन बंद करायची, मागच्याला सांगायचं, मगच मागच्याने हात घालायचा, अशी शेडची रीत. अंजलीने स्विच अजून पाडला नव्हता. ती चिमटा वायरीला तसाच धरून ते शून्य डोळे भरून बघत होती. तेवढ्यात मागून आवाज आला.

"मॅडम, तिसऱ्याला करंट हाय का न्हाई?"

तो काय विचारतोय हे तिला पक्कं ठाऊक होतं. लाइन बंद केली का, एवढंच त्याला हवं होतं. स्विच तिच्या डोळ्यांसमोर वर होता. पण हातात शून्य होतं, आणि इतके दिवस ऐकलेलं हसणं कानात होतं. कळू दे आता याला करंट कशाला म्हणतात, असं तिच्या मनात आलं.

"नाही," ती म्हणाली.

मागे पाना खणकन पडला. तिने स्विच पाडला आणि धावली. रोहिदास भिंतीशी फेकला गेला होता. दोन बोटं काळी पडली होती, श्वास चालू होता.

केबिनमध्ये तिने सरळ सांगितलं, त्यांनी करंट विचारला आणि करंट शून्यच होता. सरांनी रोहिदासलाच फैलावर घेतलं. एवढा जुना माणूस, खिशात टेस्टर, आणि तपासल्याशिवाय हात घालतो? नवा हिटर बसला, भट्टी दोनशेवर गेली, अंजली कायम झाली. चहाला आता तिच्यावर कुणी हसत नव्हतं.

रोहिदास पट्टी बांधलेल्या हाताने कामावर परत आला, तेव्हा तो शिव्या घालणार हे ती धरून चालली होती. तिने उत्तरंही तयार ठेवली होती. तो डाव्या हातात कप घेऊन तिच्याजवळ आला.

"टेस्टर लावणारच व्हतो मी," तो म्हणाला.

"मग लावायचा होता."

"तुमी न्हाई म्हनालात ना. म्हटलं, पोरगी तोंडाची फटकळ हाय, पर खोटं सांगायची न्हाई. म्हणून घातला हात."

चहा संपवून तो निघून गेला.