आवाज माथेरानकडून, चित्र भीमाशंकरकडून

पोशीरच्या आमच्या बौद्धवाडीत पहिला टीव्ही आला तो आमच्याच घरी, अठ्ठ्याऐंशी सालच्या होळीच्या सुमारास. माझे मिस्टर सहदेव साजगावच्या एका कारखान्यात कामाला होते. त्यांच्या पाळीवरच्या एकाने रंगीत टीव्ही घेतला आणि त्याचा जुना काळा-पांढरा ह्यांनी डोक्यावरून घरी आणला. नुसता टीव्ही आणून भागत नाही, हे तेव्हा कुणाला ठाऊक! केबल हा शब्दसुद्धा आमच्या कानावर आला नव्हता. छपरावर बांबू, बांबूवर अँटेना, आणि त्यातून जे काय खाली उतरेल ते बघायचं.

उतरायलाही सरळ उतरत नव्हतं. मुंबई आणि आमच्यामध्ये माथेरानचा डोंगर आडवा. नेरळचा रेडिओ दुरुस्त करणारा आला आणि दोन तास छपरावर बांबू पिळत बसला. तो वरून ओरडायचा, "आलं का?" आम्ही खालून, "आलं, आलं... गेलं!" शेवटी घामाघूम होऊन उतरला आणि त्यानं सांगून टाकलं. अँटेनाचं तोंड माथेरानकडे केलं तर आवाज खणखणीत येतो, पण पडद्यावर नुसत्या मुंग्या. पाठ फिरवून भीमाशंकरच्या कड्याकडे केलं तर चित्र स्वच्छ, पण आवाजाच्या नावानं खरखर. कड्यावर आपटून येतंय म्हणाला. दोन्ही एकदम पाहिजे असेल तर घर उचलून नेरळला न्या, असंही म्हणाला आणि चहा पिऊन गेला.

माझे सासरे काळूराम. मी त्यांना मामा म्हणायची. मामांनी जागच्या जागी निर्णय दिला, "आवाज पायजे. बातम्या काय बघायच्या असतात? ऐकायच्या असतात." वाडीतल्या लोकांचंही तेच मत पडलं. गाणी ऐकू आली, संवाद ऐकू आले की झालं. माणसं काय, मुंग्यांच्या आडून हलताना दिसतातच. सासूबाई येसूबाई, म्हणजे आत्या, एवढंच म्हणाल्या, "मंग ह्यो रेडिओच झाला की, काचंचा." पण त्यांचं कुणी मनावर घेतलं नाही.

ठकीला कुणी विचारलंच नाही. मीही नाही.

ठकी माझी नणंद, चोवीस वर्षांची. चार वर्षांची असताना तिला मोठा ताप आला आणि त्यात तिचे कान गेले. कानांमागून बोलणंही गेलं. शाळा झाली नाही, लग्न जमलं नाही. शेतात दोन माणसांचं काम एकटी ओढायची. घरातल्या प्रत्येकाला तिनं खुणेचं नाव ठेवलं होतं. मामांचं नाव मिशीला पीळ. माझं नाव काय, तर जिभेला बोट लावायचं आणि मिरची लागल्यासारखी फुंकर मारायची. लग्न होऊन आले त्या आठवड्यातच हे नाव मिळालं, म्हणजे पोरगी माणूस ओळखण्यात कशी होती बघा.

ती आमच्याशी खुणांनी पुष्कळ बोलू पाहायची. आम्ही मात्र तिच्याशी कामापुरतं बोलायचो. आत्यांच्या हाताला तर पाच-सहाच खुणा ठाऊक होत्या: ये, जा, जेव, झाडून घे, पाणी आण. माया नव्हती असं अजिबात नाही. पण भाताच्या खाचरात दिवसभर वाकलेली बाई संध्याकाळी हात हलवून गप्पा मारणार कधी? वीस वर्षं अशीच गेली होती.

मग एका रविवारी दुपारी वानरांची टोळी छपरावरून गेली. त्यातल्या एखाद्यानं बांबूला झोका घेतला असणार, कारण टीव्हीचा आवाज जाऊन नुसती खरखर उरली आणि मुंग्या जाऊन चित्र लख्ख उभं राहिलं. एक बाई बसली होती आणि हातांनी बोलत होती. तोंडानं नाही, हातांनी. बोटं उघडत होती, मिटत होती, छातीशी येत होती, पुढे जात होती.

ठकी सुपात तांदूळ निवडत होती. तिनं सूप तसंच खाली सोडलं, तांदूळ जमिनीवर सांडले, आणि ती टीव्हीपुढे वीतभर अंतरावर जाऊन बसली. ती बाई हात हलवायची, थोडी थांबायची. थांबली की ठकी तिला उत्तर द्यायची. आपल्या खुणांनी, भराभरा, जन्माची ओळख असल्यासारखी.

मी हसले. खोटं कशाला सांगू, पोट धरून हसले. आत्याही हसल्या. ठकीनं वळून आमच्याकडे पाहिलं आणि हात पदराखाली घेतले. नजर मात्र लगेच परत पडद्यावर नेली.

ह्यांनी कारखान्यात विचारून माहिती आणली. रविवारी दुपारी दिल्लीहून बहिऱ्या माणसांसाठी बातम्या देतात, हातांच्या खुणांनी. आत्यांना कोण आनंद झाला! विहिरीवर भेटेल त्या बाईला सांगू लागल्या, "आमची ठकी आता बातम्या बघती. सगळं समजतं तिला." मलाही बरं वाटलं. घरातल्या एका माणसाची सोय झाली, असं वाटलं.

सोय झाली कसली! अँटेना परत माथेरानकडे गेली होती. रविवार आला की ठकी मामांच्या सदऱ्याची बाही ओढायची आणि वर बोट दाखवायची. तीन रविवार मामा कुरकुरत शिडी लावून चढले, बातम्या झाल्या की परत चढले. प्रत्येक खेपेला एखादं कौल फुटायचं. चौथ्या रविवारी ते चिडले.

"पाऊस तोंडावर आला हाय. पंधरा मिनिटांच्या बातम्यांपायी घर गळवू काय?"

मी म्हटलं, "मामा, बाकी सगळा आठवडा आपलाच हाय की."

"मोती, तू मधी बोलू नको."

मला एवढं सुनावून ते वर गेले आणि बायंडिंगच्या तारेनं बांबू आवळून आले. ठकी अंगणात उभी राहून तारेचा एकेक वेढा बघत होती. त्या रात्री ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही कुणाकडे बघितलं नाही. तिच्याशी अबोला धरणं सोपं असतं, तिनं धरलेला अबोला मात्र सोसत नाही, हे मला त्या आठवड्यात कळलं.

पुढच्या रविवारी ह्यांची दुपारपाळी होती. मामा पडवीत लवंडले होते. मी भांडी घासत होते, तर डोक्यावर कडाड असा आवाज झाला. बाहेर पळाले. ठकी छपरावर, एका हातात पक्कड, एका हातात बांबू, आणि एक पाय कौलांतून आत गेलेला. तिच्याखालचा वासाच मोडला होता. मामा खालून बोंबलत होते, "खाली ये! मरशील!" कुणाला ओरडताय, हे त्यांना तरी कुठे सुचत होतं? तिनं पाय सोडवला, शांतपणे अँटेनाचं तोंड भीमाशंकरकडे केलं, शिडीवरून उतरली आणि ओरबाडलेल्या पोटरीसकट टीव्हीपुढे जाऊन बसली. ती बाई तोवर नमस्कार करत होती. बातम्या संपल्या होत्या.

मला रडू आलं, आणि रागही आला. राग तिचा की आमचा, ते ठरवता येईना.

आता पुढची पंचाईत. संध्याकाळी हिंदी सिनेमा. वाडीतली वीस-पंचवीस माणसं सतरंज्या घेऊन हजर, आणि टीव्ही मुका. मामांनी सांगितलं, "वासा मोडलाय. सहदेव येऊन बघंस्तवर कुणी वर चढायचं नाय." लोक हिरमुसले. काही उठलेही. पण शेजारचा सखा आडवा आला. सखाला सगळ्यातलं सगळं कळतं. तो म्हणाला, "बसा रं बसा. ह्यो पिक्चर मी टॉकीजला बघितलाय. मी सांगतो की."

आणि सांगू लागला. ही हिरॉईन, हा तिचा काका, देवमाणूस, पोरकीला वाढवलं. आम्ही माना डोलवत होतो. एवढ्यात ठकीनं सखाच्या गुडघ्यावर चापट मारली. पडद्यावरच्या काकाकडे बोट केलं, आणि आपला हात दुसऱ्याच्या खिशात घालून काहीतरी काढून घेतल्याची खूण केली. मी म्हटलं, "ती म्हणती, ह्यो चोर हाय."

"छ्या!" सखा म्हणाला. "तिला काय कळतंय?"

पंधरा मिनिटांनी काकानं कपाट उघडून पोरीचे कागद चुलीत घातले.

सगळे ठकीकडे वळले. सखा म्हणाला, हा भाग टॉकीजमध्ये कापला होता. पण त्याला आता कोण विचारतंय! बायका ठकीच्या जवळ सरकल्या. कुणीतरी हिरोच्या आईकडे बोट दाखवून हात उलटा केला, म्हणजे ही कशी? ठकीनं दाखवलं: तोंड हसतंय, डोळे घाबरलेत, हिला काहीतरी ठाऊक आहे. आणि खरंच तिला ठाऊक होतं. मी मोठ्यानं अर्थ सांगत होते, पण थोड्या वेळानं माझी गरज उरली नाही. वीस वर्षं आमच्या तोंडांकडे बघून घर ओळखणाऱ्या पोरीला सिनेमातली माणसं ओळखणं काय जड! शेवटची पाटी येईपर्यंत एकही माणूस उठलं नाही. जाताना वाडीतली पुतळाबाई आत्यांना म्हणाली, "येसू, तुझी पोर लई हुशार हाय गं." आत्या ठकीकडे बघत राहिल्या.

त्या आठवड्यात ह्यांनी नवा वासा घातला. अँटेना परत माथेरानकडे गेली, पण तार मामांनी बांधू दिली नाही. रविवारी दुपारी कुणी न सांगता ते शिडी घेऊन वर चढले, बांबू फिरवला, उतरले, हात धुतले आणि आमच्याबरोबर टीव्हीपुढे येऊन बसले. ठकीनं त्यांच्याकडे पाहिलं आणि मिशीला पीळ दिला. मामा ओशाळून हसले.

ती बाई आली. हात हलू लागले. आम्ही चौघं बघत होतो. मग आत्यांनी एक गोष्ट केली, जी मी त्या घरात आल्यापासून कधी पाहिली नव्हती. त्यांनी ठकीचा दंड हलवला, पडद्याकडे बोट केलं आणि हात उलटा केला. काय म्हणते गं ती?

हुकूम नव्हता तो. आत्यांनी लेकीला काहीतरी विचारलं होतं.

ठकी आईकडे वळली. मग तिनं मान हलवली. कपाळाला बोट लावून हात झटकला. कळत नाही.

मला वाटलं, आजचं कळलं नसेल. मी खुणेनं विचारलं, मागच्या वेळचं? त्याच्या आधीचं? तिनं परत मान हलवली. एकही रविवार, एकही बातमी, काहीसुद्धा कळलं नव्हतं तिला. कसं कळणार? त्या बाईच्या खुणा शिकलेल्या लोकांच्या. आमच्या ठकीच्या खुणा तिनं स्वतः घडवलेल्या, ह्या चार भिंतींत. आम्हाला इतकी साधी गोष्ट सुचली नव्हती.

माझ्या जिभेनं दगा दिलाच. "मंग कशाला गं छप्पर मोडलंस?" मी तोंडानंही म्हटलं आणि हातानंही.

ठकीनं पडद्यावरच्या बाईकडे बोट केलं, मग स्वतःकडे. ही माझ्याशी बोलते. मग आमच्याकडे, एकेकाकडे बोट फिरवलं आणि ओठांवर पंजा दाबला. तुम्ही बोलणं बंद केलंत.

आत्या म्हणाल्या, "आमी कवा बंद केलं?"

ठकीनं हात जमिनीपासून हातभर उंच धरला. एवढी होते. कपाळावर हात ठेवून तो भाजल्यासारखा काढून घेतला, ताप. आईचा खांदा दाखवला आणि त्यावर मान टाकली. तू मला खांद्यावर घेऊन चालली होतीस. मग झोपले. मग उठले. तिनं आत्यांच्या ओठांना बोट लावलं आणि आपले ओठ हलवून दाखवले, बिनआवाजाचे. तुझं तोंड हलत होतं, पण तू मला काही ऐकू देत नव्हतीस. दादा पण नाही. बाबा पण नाही. सगळ्यांनी एकदम. तिनं मुठी आवळून कपाळाला आठ्या घातल्या. माझ्यावर रागावलात.

आणि मग तिनं आत्यांच्या पुढ्यात दोन्ही हात उलटे केले.

मी काय केलं होतं?

मामा तोंड फिरवून भिंतीकडे बघू लागले. मी आत्यांकडे बघितलं. आत्या ठकीचे दोन्ही हात धरून बोलत सुटल्या होत्या, "काय नाय गं बाय, काय नाय केलंस तू, काय नाय गं," आणि ठकी त्यांच्या हलणाऱ्या तोंडाकडे बघत उत्तराची वाट पाहत होती.