टाक्याशेजारचा तडा

विश्वास हा मानवी संस्कृतीचा पाया आहे, असं वेल्डिंगवाल्या उस्तादांचं ठाम मत होतं. पाया असल्यामुळे तो जमिनीखालीच राहावा, उगाच वर काढून वापरू नये, हेही त्यांचंच मत. कुणी वेळ सांगितली तरी ते आपल्या मनगटावरच्या घड्याळाशी ताडून बघत, आणि ते घड्याळ वर्षभरापासून बंद होतं.

दुकानाच्या दर्शनी भिंतीवर एकोणीस वर्षं एक पाटी होती: ‘आमचा टाका तुटला तर दुकान बंद.’ पाटी रंगवली तेव्हा उस्ताद तरुण होते आणि डब्यात थोडा रंग उरला होता. पण पुढे गिऱ्हाइकं पाटी वाचूनच यायला लागली, आणि ती खोटी पडू न देणं हेच उस्तादांचं आयुष्य होऊन बसलं.

आणि आता ती लाल स्पोर्ट्स कार तिसऱ्यांदा दारात उभी होती.

गाडी दातांच्या डॉक्टरीणबाईंची. दोन सीटची, माणसाच्या कमरेलाही न लागणारी. इंजिन मागे आणि डिकी पुढे. उस्तादांच्या लेखी संशयाला इथूनच सुरुवात होत होती. धूर बाहेर नेणाऱ्या पाइपाला इंजिनाजवळच्या वळणावर तडा जायचा, आणि मग गाडी असा आवाज काढायची की गल्लीतली कुत्री आधी भुंकत आणि नंतर आदराने गप्प बसत. उस्तादांनी दोनदा टाके घातले, दोन्ही वेळा तीन आठवड्यांच्या आत पाइप फाटला. तसं बघितलं तर टाका शाबूत होता, त्याला केसभर लागून असलेला पत्रा गेला होता. पण हा फरक उस्तादांना आणि त्यांच्या भिंगाला दिसायचा. समोर नवे सायलेन्सर विकणाऱ्या दुकानदाराला दिसत नव्हता. तो दर वेळी रस्ता ओलांडून यायचा, वाकून तडा बघायचा, मग मान वर करून पाटी बघायचा आणि काही न बोलता परत जायचा. त्याचं ते न बोलणं उस्तादांना जेवू देत नव्हतं.

“अहो, दुसरीकडेच काही बिघडलं असेल,” बायको म्हणाली.

“बिघडलाय तो माणूस. फक्त कोण, ते काढायचंय,” उस्ताद म्हणाले.

दुसऱ्या वेळी त्यांनी पाइपाला काळा दोरा बांधून दिला होता, कुणी हात लावला तर कळावं म्हणून. गाडी परत आली तेव्हा दोरा नव्हता. पुरावा मिळाला, असं त्यांनी जाहीर केलं. तापलेल्या पाइपावर रोज चहाचं भांडं ठेवणाऱ्या नवऱ्याला दोरा जळतो हे कसं सुचलं नाही, असं बायकोने विचारलं, तेव्हा दोन दिवस तीही संशयितांच्या यादीत होती.

तिसरा टाका घालून गाडी दिल्यावर मात्र उस्तादांनी ठरवलं की आता पाळत ठेवायची. सबब तयारच होती. त्यांच्या उजव्या दाढेत डॉक्टरीणबाईंनी भरलेलं सिमेंट त्याच आठवड्यात पडलं होतं, तेही तिसऱ्यांदा. दवाखान्याच्या खिडकीतून गाडी उभी करायची जागा स्वच्छ दिसायची.

खुर्ची मागे झुकली, तोंडात कापूस गेला आणि उस्तादांनी डोळ्यांचे कोपरे खिडकीकडे वळवले.

“खरं सांगा, दाताने वायर सोलता ना?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

उस्तादांनी मान हलवली.

“सगळे नाही म्हणतात. माझं काम असं पडत नाही. काहीतरी लपवताय तुम्ही.”

आपल्यावर कुणी संशय घेतो आहे, या कल्पनेने उस्ताद इतके दुखावले की क्षणभर पाळत विसरले. पुन्हा बघितलं, तर गाडीपाशी डॉक्टरीणबाईंच्या सासूबाई उभ्या. तोंडावर रुमाल. हातात काठी. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, काचेतून आत डोकावल्या, मग चक्क वाकल्या आणि काठी गाडीखाली घालून ढोसायला लागल्या. बरोबर मागच्या चाकाच्या आत.

उस्तादांनी तोंडातल्या तोंडात आरोळी ठोकली. डॉक्टरीणबाईंना वाटलं दुखलं. त्यांनी बाहेर नजर टाकली आणि सहज सांगितलं की सासूबाईंना दोन दिवस सर्दी आहे, रुमाल तोंडावरून निघत नाही, आणि आवाजामुळे गाडी त्यांना आधीपासूनच आवडत नाही. उस्तादांच्या डोक्यात खटला उभा राहिला, निकाल लागला, शिक्षाही झाली.

तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी एक निळा कागद दातांत धरून चावायला सांगितला. चावून झाल्यावर त्यांनी दाढेवर उमटलेला निळा डाग बघितला, मग छोटा आरसा डावीकडे फिरवला.

“माझंच चुकलं,” त्या म्हणाल्या. “मी तीनदा हीच दाढ बघत बसले. डावीकडची दाढ तुम्ही कधीच काढून टाकलीय. तिकडे आधारच नाही, म्हणून सगळा भार इकडे येतो. जिथं तुटतंय तिथं दोष नाहीच, दोष पलीकडे आहे.”

उस्ताद आ वासून पडले होते. तोंड बंद करायची परवानगी असती तरीही ते तसेच पडून राहिले असते. दुसऱ्या क्षणी गळ्यातल्या कागदी फडक्यासकट ते उठले, खुणेने चावी मागितली आणि गाडी घेऊन दुकानात आले.

जॅक लावला. आजवर पाइपाच्या पलीकडे त्यांनी बॅटरीचा उजेड कधी फिरवलाच नव्हता. पलीकडच्या बाजूला इंजिन ज्या रबरी माउंटिंगवर बसतं, ते फाटून दोन तुकडे झालं होतं. गाडीने वेग घेतला की इंजिन उचललं जायचं आणि त्याचा सगळा हिसका बिचाऱ्या पाइपाला बसायचा. उस्तादांनी नवं माउंटिंग बसवलं, पाइप सैल करून पुन्हा बिनताणाचा आवळला. गाडी सुरू केली. ती मांजरासारखी घुरघुरली. समोरचा दुकानदार बाहेर आला आणि कानात बोट घालून खात्री करून आत गेला.

“म्हणजे पाटी खरी आहे,” बायको म्हणाली. “पाटीखाली बसणाऱ्याचं बघा काय ते.”

हे उस्तादांना लागलं. संध्याकाळी डॉक्टरीणबाई सासूबाईंना घेऊन आल्या, तेव्हा ते स्टुलावर उभे राहून पाटीचे स्क्रू काढत होते. खाली न उतरताच त्यांनी सगळा गुन्हा कबूल केला. ज्याला बाजूचं रबर दिसलं नाही त्याने टाक्याची हमी देऊ नये, दुकान आजपासून बंद, असं सांगून त्यांनी पुढचा स्क्रू काढायला घेतला.

“तुमची दाढ तीनदा पडली, मी दवाखाना बंद केला का?” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “स्क्रू लावा परत.” आणि फोन आला म्हणून बाहेर गेल्या.

उस्तादांनी स्क्रू परत आवळायला घेतला. मग त्यांना खाली सासूबाई दिसल्या, तोंडावर रुमाल धरून त्यांच्याकडेच बघणाऱ्या. त्यांना भरून आलं. मी तुमच्यावर नको तो संशय घेतला, म्हाताऱ्या माणसाला मनातल्या मनात तुरुंगात टाकलं, मला माफ करा, असं ते सुरू करणार, इतक्यात सासूबाई स्टुलाजवळ सरकल्या आणि बाहेर एकदा बघून रुमालाआडून पुटपुटल्या,

“ते राहू द्या. गाडीत सीटखाली हात घालून बघता का जरा? माझी कवळी पडलीय. आणि सुनेला सांगू नका, तिनेच बनवलीय.”