अर्धी राहिलेली बातमी

मित्रांनो, मी एक जुना रेडिओ आहे आणि स्वभावाने फार घाबरट आहे. बातम्यांची वेळ झाली की आजही माझ्या पोटात गोळा येतो. आता पोटात सेलसुद्धा नाहीत, पण सवय जात नाही.

नेकनूरजवळच्या एका लहान गावातल्या शेतकऱ्यांच्या सोसायटीने मला विकत घेतले. तेव्हाचे चेअरमन मला कपाटात कुलूप लावून ठेवत. मी खराब होईन, ही त्यांची काळजी. दोन वर्षे मी युरियाच्या वासात मुका बसलो. मग विठ्ठलराव चेअरमन झाले. पहिल्याच दिवशी ते शिपायाला, धोंडीरामला म्हणाले, "त्याला ओट्यावर आण बे. कपाटाला बातम्या ऐकवायच्यात का?" तेव्हापासून रोज संध्याकाळी माझ्याभोवती गाव जमू लागला आणि मला केवढा भाव आला!

१९७१च्या डिसेंबरात शेजारच्या देशाशी लढाई झाली. पंधरवड्यात ती संपली, गावाने पेढे वाटले. भिवराबाईने मात्र पेढा नुसता हातात धरला. तिचा मुलगा पंडित फौजेत होता आणि त्याचा पत्ता लागत नव्हता. पुढे चैत्रात एक कार्ड आले. 'मी त्यांच्या कैदेत आहे, सुखरूप आहे.' तिने ते माझ्या चामडी आवरणात खोचले. "हितंच ऱ्हाऊ दे. सुटायची खबर ह्योच सांगंल," ती म्हणाली.

लढाई संपताच तिकडे नवा पुढारी आला होता. ही बातमी मीच सांगितली होती आणि तिच्यावर ओट्यावर महिनोन्महिने चर्चा चालली. "नवा जुन्याहून कडक निघाला तर?" धोंडीराम म्हणे. भिवराबाईचा तर्क वेगळा होता.

"नवा चेअरमन आला तवा रेडिओ कपाटातून सुटला का न्हाई? तिकडं बी किल्ली नव्या मानसाच्या हातात गेली हाय."

मला तिचे म्हणणे पटे आणि भीतीही वाटे. किल्ली हातात आली म्हणून कुलूप उघडेलच, असे कुठे असते?

त्या वर्षी पाऊस आलाच नाही. दुष्काळी कामावर दिवसभर खडी फोडून भिवराबाई थेट ओट्यावर येई. सेल मिळेनासे झाले. धोंडीराम उतरलेले सेल दुपारभर पत्र्यावर उन्हात तापवी, मग संध्याकाळी मी थोडा वेळ बोले. ऊन तेवढे भरपूर होते.

जून सरता सरता दोन्ही देशांचे पुढारी सिमल्याला बोलणी करायला बसले. एका संध्याकाळी मी म्हणालो, "बोलणी फिसकटण्याची चिन्हे आहेत..." आणि माझा आवाज बसला. धोंडीरामने मला हलवले, थोपटले, पण उपयोग झाला नाही. भिवराबाई घरी गेली आणि भाकरीला हात न लावता निजली. दुसऱ्या दिवशी तापल्या सेलवर मी सांगितले, की करार झाला. ती रडत मला म्हणाली, "मेल्या, काल कावून गप बसलास?"

करार झाला, पण कैदी लगेच सुटले नाहीत. दसरा झाला, ऊसतोडीला न्यायला मुकादमाचा ट्रक आला. गावात दाणापाणी नव्हते, जाणे भाग होते. पण भिवराबाई ट्रकचा दांडा धरून उभी राहिली, वर चढेना. उसाच्या फडात तिला खबर कोण देणार? शेवटी विठ्ठलरावांनी मला आणून तिच्या हातात दिले.

"सोसायटीची चीज हाय ती," धोंडीराम कुरकुरला.

"मग ही कोन हाय? ही बी सोसायटीचीच सभासद हाय."

फडाजवळ पाचटाच्या कोपीत, म्हणजे उसाच्या वाळक्या पाल्याच्या झोपडीत, आमचे बिऱ्हाड लागले. तिथे लई थंडी, आणि उजाडायच्या आत तोडीला जावे लागे. सेल उन्हात ठेवायला वेळ कुणाला? नोव्हेंबर सरताना एकदा, उन्हाने जमते ते विस्तवाने लवकर जमेल, असे वाटून भिवराबाईने सेल चुलीच्या काठावर ठेवले आणि तसेच गरम गरम माझ्यात घातले. ते पाझरले. ते चिकट पाणी माझ्या तारांत उतरले आणि मी कायमचा मुका झालो.

आठवडाभरातच बाजाराला गेलेले कोणी सांगत आले, "कैदी सोडल्यात म्हंत्यात." किती, कोण, कुणाला ठाऊक नव्हते. भिवराबाई रोज माझे बटण फिरवी आणि माझ्या जाळीला कान लावून बसे. मित्रांनो, त्या दिवसांइतका मी कधीच घाबरलो नाही. मला एकच नाव सांगायचे होते आणि ते सुटलेल्यांत आहे की नाही, हे मलाही माहीत नव्हते.

डिसेंबर सरत आला असताना एका दुपारी बांधावरून हाक आली, "माय!"

तिच्या हातातला कोयता गळून पडला. पंडितच्या अंगावर मांस उरले नव्हते, पण तो स्वतःच्या पायांवर उभा होता. गावी जाऊन, धोंडीरामकडून पत्ता घेऊन तो आला होता. भिवराबाईने त्याला कोपीत आणले, मला दाखवले आणि आवरणातले कार्ड काढले.

"ह्यो सांगनार होता तुजी खबर. पर मीच ह्याचा गळा घोटला."

"आसू दे माय," पंडित म्हणाला, "मी सांगतो की."

आता मी पुन्हा सोसायटीच्या कपाटात आहे. त्याला कुलूप नाही. कार्डही माझ्यापाशीच आहे. मित्रांनो, उद्या तुमच्यातला कोणी चेअरमन होईल, कोणी देश चालवील. शेजाऱ्याशी भांडण होईल तेव्हा खुशाल भांडा, पण बोलणे अर्धवट टाकून उठू नका. माझी अर्धी बातमी ऐकून एक आई उपाशी निजली होती.