पुस्तकात नसलेलं वचन

पस्तीस वर्षं मी घरोघरी शास्त्र वाचून दाखवायची नोकरी केली, आणि त्या पस्तीस वर्षांत एकदाच खोटं वाचलं. एकदा म्हणजे काही फार नव्हे, असं मी स्वतःला सांगत आले. पण दूध नासवायला मिठाचा खडा एकच पुरतो.

लोक मला बायबलबाई म्हणत. माझं नाव सारजाबाई, ते फक्त पगारपत्रकावर. मिशनकडून पगार मिळे, वर्षाला दोन लुगडी आणि एक छत्री. सकाळी निघायचं, ज्या घरची बाई ‘या’ म्हणेल तिच्या अंगणात बसायचं, एक अध्याय वाचायचा, एक गीत म्हणायचं आणि उठायचं. ‘या’ म्हणणारी घरं थोडी आणि ‘पुढं जावा’ म्हणणारी फार. तरी पायांनी सोलापूरची एकही गल्ली सोडली नाही.

अडुसष्ट साली नोकरी संपली. नवरा मिशनच्या शाळेत मास्तर होता, तो त्याच्या सतरा वर्षं आधीच गेला. मला चर्चच्या आवारातली शेवटची खोली राहायला मिळाली. खोलीत मी, एक स्टोव्ह आणि एक घड्याळ. तिघांत बोलकं तेवढं घड्याळ होतं, तेही बंद पडलं. मला फार एकटं वाटायचं. हे सांगायची लाज वाटते, कारण देव सदा सोबत असतो हे मीच आयुष्यभर बायकांना सांगितलं. असेल सोबत. पण चहा किती टाकू म्हणून कुणी विचारायला लागतं.

तसं विचारणारं एकच घर उरलं होतं, बाळीवेशीतलं सुंदरम्माचं. लिंगायत माणसं, मंगळवेढ्याच्या ज्वारीचा व्यापार. दर मंगळवारी दुपारचा मिलचा भोंगा झाला की मी निघायची. अंगणात माझ्यासाठी पोतं अंथरलेलं असे, आणि भिंतीतल्या कोनाड्यात माझी कपबशी. वेगळी, अर्थातच. आमचं मूळ कुठलं हे बाप्तिस्मा घेऊन पुसलं जातं असं ज्यांना वाटतं, त्यांनी बाळीवेशीत एकदा चहा प्यावा. पण तो चहा सुंदरम्मा स्वतः करायची आणि माझा कप रिकामा होईपर्यंत समोर बसायची. एवढ्यासाठी मी आठवडाभर मंगळवारची वाट बघत असे.

आता ते खोटं.

त्रेचाळीस साली सुंदरम्मा बावीस वर्षांची होती. तिचं पहिलं बाळ नवव्या दिवशी गेलं, बारशाआधी. मी गेले तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती आणि दूध येऊन चोळी भिजलेली होती. घरातल्या बायका तिला ऐकू जाईल अशाच बोलत होत्या, “नावसुदा न्हवतं ठेवल्यालं. त्येला काय रडायचं?” सुंदरम्मानं माझ्या हातातल्या पुस्तकाकडं बघितलं आणि विचारलं, “बाई, असल्या पोरांचं ह्यात काय लिवलंय?”

मी पानं उलटली. दावीद राजाचं लेकरू सातव्या दिवशी मेलं, हे मला ठाऊक होतं. पण ते बापाच्या पापापायी मेलं असं लिहिलंय. ते मी तिला कसं वाचून दाखवणार? मी आणखी पानं उलटली. नुसती पानं उलटत बसलं की माणसाला कळतं, की ह्या पुस्तकात आपल्यासाठी काही नाही. तिला ते कळायला लागलं होतं. मग मी एका पानावर बोट ठेवलं आणि वाचलं:

“ज्या बालकास तुम्ही नाव ठेविले नाही, त्याचे नाव मी ठेविले आहे. मी त्यास हाक मारितो आणि ते ओ देते, असे परमेश्वर म्हणतो.”

बोटाखाली भलतंच काहीतरी होतं. वाक्य माझं होतं. ‘असे परमेश्वर म्हणतो’ ही शेपटीही मीच लावली. ती लावली की पुढं कुणी विचारत नाही. सुंदरम्माला वाचता येत नव्हतं. तिनं माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं, पाठ केलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा पेज प्याली. ती कधी ख्रिस्ती झाली नाही, गळ्यातलं लिंग गळ्यातच राहिलं. पण ते वचन तिनं सोडलं नाही. पुढं मी तिला एक शास्त्र भेटही दिलं. वाचता येणारं कुणी नसलं की घरात पुस्तक ठेवायला धोका नसतो.

बत्तीस वर्षं धोका नव्हता. मग त्या घरात सातवी पास सून आली.

शिवम्मा तिचं नाव. पंचाहत्तर सालच्या माघात तिचं बाळ गेलं, सहाव्या दिवशी. सासूनं, तिच्या अत्तीनं, तिला ते वचन सांगितलं, तसं पोरीनं कपाटातून शास्त्र काढलं आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. रोज दुपारी, महिनाभर. त्या मंगळवारी मी गेले तर ती पुस्तक घेऊन माझ्यासमोर येऊन बसली. मध्यावर खुणेला झाडूची काडी घातलेली.

“बाई, अत्तीनी मला सांगितलं त्ये कुटं हाय? अर्ध्यापातूर वाचलं, घावलं न्हाय. तेवढं बोट ठिवून दावा की.”

“पुढं असेल,” मी म्हणाले.

“पुढं म्हंजी कुटं?”

सुंदरम्मा कौतुकानं बघत होती. माझी बाई आता दाखवणार, असा तिचा चेहरा. मी म्हणाले, “चष्म्याचा नंबर वाढलाय गं. अक्षर लागत नाही. पुढच्या मंगळवारी सांगते.”

घरी आले आणि दार लावून बसले. पोरगी अजून अर्ध्यातच होती. मी गप्प राहिले असते तर आणखी महिनाभर गेला असता. शेवटी न सापडल्यावर ती म्हणाली असती, आपल्यालाच दिसलं नाही. मोठं पुस्तक आहे, बारीक टाइप आहे. माझं काही बिघडत नव्हतं. पण ती रोज दुपारी त्या पानांत आपलं लेकरू शोधत होती, आणि मी तिला नसलेल्या गावची वाट दाखवली होती. आणि खरं सांगितलं तर? तर मंगळवार संपला. मग मी, स्टोव्ह आणि बंद घड्याळ.

बुधवारी संध्याकाळी आमचे नवे पाळक ‘शास्त्र कसे निर्माण झाले’ यावर वर्ग घेत. पुण्याला शिकून आलेले, तरतरीत. वर्गाला आम्ही पाचजण, त्यातले दोघं पंख्याखाली बसायला आलेले. पाळक सांगत होते, की ही पुस्तकं आभाळातून बांधून पडली नाहीत. कुणी आठवणी लिहिल्या, कुणी एखाद्या गावच्या मंडळीला पत्र धाडलं. ते एका मंडळीनं वाचलं, दुसरीनं उतरून घेतलं. कुठली ठेवायची आणि कुठली सोडायची, यावर पुढं तीनेकशे वर्षं वाद चालला.

मी हात वर केला. “जी सोडली, त्यातल्या एखाद्यानं कुणाचा जीव तगला असेल तर?”

“उपयोग झाला म्हणून ते शास्त्र होत नाही, बाई,” पाळक म्हणाले. “लिहिणारा कोण, हे बघितलं. त्यानं स्वतः पाहिलं होतं का, किंवा पाहिलेल्या माणसाकडून ऐकलं होतं का? साक्षीवाचून अधिकार नाही. आणि कुणी पदरची भर घालू नये, अशी शेवटच्या पानावर ताकीदच आहे.”

ताकीद मला पाठ होती. मी ती शंभर अंगणांत वाचली होती. पण साक्षीचं बोलणं मनात रुतून बसलं. मी काय पाहिलं होतं? एकच गोष्ट. छत्तीस साली माझा मुलगा पाचव्या दिवशी गेला, बाप्तिस्म्याआधी. मास्तरांनी पेटी उचलली, त्या वेळच्या पाद्र्यांनी प्रार्थना केली, आणि दफनाच्या वहीत लिहिलं: ‘सारजाबाईचे बालक, पुरुष.’ बस. नाव नव्हतं म्हणून नाव लिहिलं नाही. त्यांचं काही चुकलं नाही. सुंदरम्मापुढं ते वाक्य माझ्या तोंडून निघालं, ते मला सात वर्षं कुणीतरी म्हणायला हवं होतं. कुणी म्हणालं नाही. मग मीच तिला म्हटलं. तिला ते लागू पडलं. मला कधीच पडलं नाही, कारण ते कुठं तयार झालं हे मला माहीत होतं.

मंगळवारी भोंगा झाला आणि मी निघाले. सुंदरम्मा सुपात डाळ पाखडत होती. शिवम्मा पुस्तक घेऊन तयारच बसली होती. मी पोत्यावर बसले आणि चहाच्या आधीच सांगून टाकलं, नाहीतर चहा पिऊन मी पुन्हा खोटं बोलले असते.

“सुंदरम्मा, ते वचन शास्त्रात नाही. मी केलं होतं.”

“केलं म्हंजी?”

“भाकरी करतात तसं. माझ्या मनानं.”

सूप थांबलं. तिनं ते खाली ठेवलं. मग म्हणाली, “बत्तीस वर्सं म्या ते म्हनलं. मालक गेले तवा म्हनलं. ह्या पोरीला दिलं. आनि ते तुमचं व्हय?”

“माझं.”

“का?”

मग मी छत्तीस सालचं सांगितलं. पेटी, वही, वहीतली ओळ. दुसऱ्या माणसासमोर पहिल्यांदा सांगत होते, त्यामुळं मागंपुढं झालं, नीट जमलं नाही. मला वाटलं, आता ती मऊ होईल. ती उलट जास्तच भडकली.

“म्हंजी माजं समदं ऐकून घेतलं आनि आपलं येक बोलला न्हाय! बत्तीस वर्सं हितं बसून! मला काय परकी समजला?”

आता माझंही डोकं फिरलं. “कोनाड्यात माझी कपबशी वेगळी ठेवता, सुंदरम्मा. माझं लेकरू कुठल्या कपात ओतून तुमच्यापुढं ठेवणार होते मी?”

सुंदरम्मा खाली सुपाकडं बघत राहिली. तिला उत्तर नव्हतं आणि तिनं ते बनवलंही नाही. त्या बाबतीत ती माझ्यापेक्षा सरळ.

शिवम्मानं पुस्तक मिटलं. “मंग बाई,” ती अगदी हळू म्हणाली, “माज्या लेकराला कोन हाक मारतंय?”

पस्तीस वर्षं ज्या तोंडात उत्तरं तयार असायची, त्या तोंडानं मी म्हणाले, “मला ठाऊक नाही, पोरी. मारत असावा असं वाटतं. फार वाटतं. पण मी पाहिलेलं नाही.”

ती रडली नाही. तिनं मान हलवली, हिशेब पटल्यावर हलवतात तशी. मला वाटतं, माझं हे एकच बोलणं आजवर कुणी तपासून घेतलं.

सुंदरम्मानं विचारलं, अजून रागातच, “तुमच्याचं नाव काय ठेवनार हुता?”

“रत्नाकर,” मी म्हणाले. मास्तरांना शमुवेल हवं होतं, म्हणून मी तेव्हा बोलले नव्हते, आणि नंतर बोलायचं कारण राहिलं नाही. एकोणचाळीस वर्षांनी ते नाव हवेत आलं. मला पदर डोळ्यांना लावावा लागला.

“रत्नाकर,” सुंदरम्मा म्हणाली. मग पुन्हा एकदा म्हणाली, पाठ करत असल्यासारखी.

“माज्याचं चन्नवीर,” शिवम्मा म्हणाली. तिला कुणी विचारलं नव्हतं. “म्या मनात ठिवलं हुतं, चवथ्या दिवशीच.”

सासूनं तेही नाव दोनदा म्हटलं. अंगणात बरं वाटायला लागलं होतं. इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं, आणि त्या भरात माझ्या तोंडून गेलं, “आणि तुमच्याचं, सुंदरम्मा?”

तिनं माझ्याकडं बघितलं.

“म्या ठिवलंच न्हाय.”

“मनातसुद्धा?”

“अव्वा, माजी आई, म्हनली हुती, मनात तरी ठिव, हाक माराया बरं. म्या म्हनलं, कशाला? देवानं ठिवलंया की. बाईनी पुस्तकातनं वाचून दावलं. त्येनं ठिवल्यालं नाव मोडून आपलं कशापायी ठिवायचं?” ती हसली, पण ते हसू बघवेना. “त्येला म्हाईत हाय म्हनून मी इचारच केला न्हाय. बत्तीस वर्सं नुसतं ‘त्यो’ म्हनत आले.”

दिलासा दिला म्हणून मी इतकी वर्षं मनातून स्वतःला थोडं माफ केलं होतं. घरातल्या बायकांनी तिच्या लेकराला नाव नाही म्हणून टाकलं. आणि मी ते नाव ठेवायचा तिचा हक्कच काढून घेतला, तोही देवाच्या नावानं. मला तिथं बसवेना. मी पुस्तकाची पिशवी उचलली आणि चपला शोधायला लागले.

“कुटं निगाला?” सुंदरम्मा म्हणाली.

“जाते.”

“बसा. येवढं करून ठिवलंया, तर आता नाव सुचवूनच जावा.”

मी परत पोत्यावर बसले. दोघी माझ्या तोंडाकडं बघत होत्या. आदामापासूनची सगळी नावं मला पाठ होती, पिढ्यांच्या पिढ्या, न अडखळता. मी कितीतरी वेळ आठवत बसले, आणि त्या बाळाला शोभेल असं एकही नाव मला सुचेना.