कागदावरची नोकरी

"तुमचं नाव यात बसत नाही, ताई," कारकून म्हणाला आणि त्यानं पुढच्या बाईला हाक मारली.

ताई पंचायतीच्या खिडकीवरून हलली नाही. गावच्या तळ्यातला गाळ उपसायचं सरकारी काम निघालं होतं. रानातला कांदा निघून गेल्यापासून कुणाकडं हाताला काम नव्हतं, म्हणून ती सकाळपासून उन्हात रांग धरून होती.

"का बसत नाही? मेले की काय मी?"

"मेल्या असत्या तर त्याची यादी वेगळी असती," कारकून हसला. "तुम्ही नोकरदार आहात. हे काम बेकारांचं. हे बघा, इथं लिहिलंय, पंपाच्या मोटारीचा कारखाना, कायम नोकरी. आठ महिने झाले लागून."

"कुठला कारखाना? मी तर काल शेण थापत होते."

"ते मला काय विचारता? तुम्ही शिकलात त्या केंद्रानं कळवलंय."

मागं उभी असलेली शिंपीण कोपरानं वाट काढत पुढं आली. "माझं बघा हो."

तिचंही होतं. यादीत ओळीनं वीस नावं होती, केंद्रात शिकलेल्यांतलं एकही सुटलं नव्हतं. शिंपिणीनं यादीकडं पाहिलं, मग ताईकडं. "भावाचंच केंद्र ना गं तुझ्या? तुझ्या शब्दावर मी सगळी गिऱ्हाइकं सोडली. आता ती दुसरीकडं शिवतात. आणि हा गाळाचा घासही गेला!"

ताईला तोंड वर करवेना.

भाऊ म्हणजे तिचा पाठचा. आई गेली तेव्हा तो पाच वर्षांचा होता, आणि ताईचं नुकतंच लग्न झालेलं. सासरी शंभर बोलणी खाऊन तिनं त्याला स्वतःजवळ ठेवला, शिकवला. तो दिवसभर 'ताई, ताई' करत पदर धरून फिरायचा, म्हणून सगळं गावच तिला ताई म्हणायला लागलं. मागच्या वर्षी तोच भाऊ शहरातून जीप घेऊन आला. सरकारनं बायकांना काम शिकवायला अनुदान दिलंय, म्हणाला. पहिलाच प्रयोग आहे, सहा महिने मोटारीचं वाइंडिंग शिकायचं आणि थेट कारखान्यात लागायचं.

बायकांचा त्याच्यावर भरवसा नव्हता. भरवसा होता तो ताईवर. ती दारोदार फिरली. "माझा भाऊ आहे, मी हमी घेते," असं सांगत तिनं एकोणीस जणी गोळा केल्या.

शिक्षण मात्र खरं झालं. जुन्या गोदामात एक म्हातारा वायरमन यायचा. जळालेली मोटार उघडायची, काळी पडलेली तार उपसून काढायची, नवी तांब्याची तार वेढे मोजून भरायची. पहिले पंधरा दिवस ताईची बोटं सोलून निघाली. एक वेढा चुकला की म्हातारा सगळं उसकटायला लावायचा. पण चौथ्या महिन्यात तिनं भरलेली मोटार घुर्रकन फिरली, तेव्हा तोच सगळ्यांना हाका मारत सुटला, "या रे, हिचा हात बघा!"

शेवटच्या दिवशी मंडप घातला. मोठे साहेब आले, प्रत्येकीच्या हाती नेमणुकीचं पाकीट आलं, फोटो निघाले. साहेबांची गाडी वळली तशी भावानं पाकिटं गोळा केली. "सही-शिक्का राहिलाय, आठवड्यात देतो." तो आठवडा अजून उगवायचा होता.

कारकुनाच्या खिडकीवरून ताई निघाली ती तडक एसटीत बसली. भावाच्या कचेरीत गार हवा होती. भिंतीवरच्या फोटोत वीस बायका पाकिटं छातीशी धरून हसत होत्या.

"असं काय करतेस, ताई," भावानं तिला पाणी दिलं. "नोकरी लागली असं दाखवलं नाही तर पुढचं अनुदान येत नाही. सगळेच दाखवतात. कागदावरच आहे, त्यात तुझं काय गेलं?"

"माझं काम गेलं. वीस जणींचं गेलं."

"होईल दुरुस्त. हे बघ, पलीकडच्या गावात नवीन केंद्र काढतोय, शिवणकामाचं. तुला तिथं देखरेखीला घेतो. ही खरी नोकरी, शपथ. फक्त सोमवारी उद्घाटनाला ये आणि बायकांना चार शब्द सांग. तुझ्यावर माणसं विश्वास ठेवतात गं."

ताईनं पाण्याचा पेला तसाच टेबलावर ठेवला. हे त्याला ठाऊक होतं तर. पहिल्यापासून ठाऊक होतं.

"येते," ती म्हणाली.

सोमवारी ती त्याच्याच जीपमधून गेली. समोर मंडपात सतरंजीवर पन्नासभर बायका, खुर्चीवर मोठे साहेब. भावानं माईक दिला.

"मी ताई. ह्याची थोरली बहीण," ती म्हणाली. "मी आठ महिने कारखान्यात नोकरीला आहे. असं सरकारी यादीत आहे. पण कारखाना कुठं आहे ते मला कुणी सांगितलं नाही. साहेब, तुम्हीच मला पाकीट दिलं होतं. पत्ता माहीत असेल तर द्या, उद्यापासून जाते कामावर."

कुणीतरी फिस्सकन हसलं. साहेबांनी घड्याळ बघितलं. भाऊ माईक घ्यायला धावला, पण तिनं तो सोडला नाही.

"शिकवतील ते शिका. पण नोकरीच्या आशेवर हातातलं काम सोडू नका, आणि वाचून घेतल्याशिवाय अंगठा देऊ नका. आमच्याकडं ह्याची हमी मी घेतली होती. ती आज परत घेते."

बायका एकेक करून उठायला लागल्या. भाऊ दात ओठ खात म्हणाला, "ताई, सख्ख्या भावाचं वाटोळं केलंस तू." तिला वाटलं होतं, राग येईल. आलं ते रडू. तो पाच वर्षांचा असता तर तिनं एक थप्पड देऊन पोटाशी धरला असता.

ती मंडपाबाहेर आली. एक म्हातारी काठी टेकत आडवी आली. "बाई, नोकरीचं खोटं. पण शिकवलं ते तरी खरं का?"

"ते खरं, आजी."

"मग आमच्या विहिरीवरची मोटार चार दिवस बंद आहे. जनावरांना पाणी नाही. बघतीस?"

मागून जीपचा हॉर्न वाजला. भाऊ आतून ओरडला, "ताई, बसतीस का? गाडी निघाली!"

ताईनं डोळे पुसले. "कुठं आहे विहीर?" तिनं विचारलं, आणि म्हातारीच्या मागून बांधावरून चालू लागली.