फुलीखालची ओळ

बाहेरच्या खडीवर काठीचा आवाज आला, तसा नेस्ट मॉर्गननं हातातला कागद टिपकागदाखाली सरकवला. मग तिचीच तिला लाज वाटली. तिनं तो परत बाहेर काढला, टेबलावर पालथा ठेवला आणि त्यावर तळहात दाबून धरला.

ट्रेवर्नच्या जमीनदारांचं ते मोठं घर विकलं गेलं होतं. तीनशे वर्षांचे खंडाचे करार, नकाशे, पत्रव्यवहार, गावचे न्यायाधीश या नात्यानं जमीनदारांनी घेतलेल्या जबान्या, सगळं पत्र्याच्या पेट्यांत भरून उद्या सकाळी आबरिस्टविथच्या ग्रंथालयात जायचं होतं. वेल्श आणि इंग्रजी, दोन्हींतली जुनी अक्षरं लागणारं माणूस गावात एकच. त्यामुळे यादीचं काम शाळेतल्या बाईंकडे, नेस्टकडे आलं होतं.

पेंट्रे शेतावरचा एनॉक प्रिदर्ख टोपी काढून दारात उभा राहिला. वय चौऱ्याहत्तर. गेले तीन आठवडे तो रोज येत होता, ताकाचा डबा खिडकीत ठेवत होता आणि एकच प्रश्न विचारून परत जात होता.

"सापडलं का, बाई?"

"बसा ना, एनॉक."

तो बसला नाही. "तीन आठवड्यांत आज पहिल्यांदा बसा म्हणालात. म्हणजे सापडलं."

नेस्टनं मान हलवली. तळहाताखालचा कागद दमट झाला होता.

त्र्याऐंशी वर्षांपूर्वी बायकांचे झगे घालून, तोंडाला काजळी फासून या खोऱ्यातल्या माणसांनी रस्त्यावरची जकातीची फाटकं फोडली होती. त्यांतले तिघं पकडले गेले आणि समुद्रापार काळ्या पाण्याला गेले. परत आला एकटाच. नावं कोणी सांगितली, ते गावानं ठरवून टाकलं होतं: पेंट्रेच्या शॅड्रॅकनं. एनॉकचे आजोबा. का ठरवलं, हे आता कोणालाच सांगता आलं नसतं. पण जूनमध्ये गवत कापायला सगळं खोरं एकमेकांच्या शेतात उतरायचं, तेव्हा पेंट्रेच्या वाटेला कोणी वळत नसे. एनॉकनं उभ्या जन्मात आपलं गवत घरच्या माणसांनीच कापलं होतं. दोन वर्षं तर पावसानं ते शेतातच कुजलं.

"तुम्ही वाचा," तो म्हणाला. "मला इंग्रजी येत नाही. आणि इंग्रजीतच असणार ते."

"इंग्रजीतच आहे."

"मग वाचा. जे आहे ते."

नेस्टनं कागद सुलटा केला आणि एकेक वाक्य वेल्शमध्ये सांगू लागली. आवाज वर्गात निघायचा तसा निघत नव्हता. ट्रेवर्नच्या जमीनदारांसमोर दिलेली जबानी. त्या रात्री फाटकापाशी पाहिलेली माणसं. मग तीन नावं. तिसऱ्या नावापाशी एनॉकनं खुर्चीची पाठ धरली आणि तो खाली बसला.

"सही?"

"सही नाही. फुली आहे. शेजारी लिहिलंय, शॅड्रॅक प्रिदर्ख यांची खूण."

मग त्यानं मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर आशा उमटत होती.

"बाई, आमच्या आजोबांना इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. बाजारात मेंढ्या विकायला शेजाऱ्याला बरोबर न्यायचे. हे असलं इंग्रजी त्यांच्यापुढे ठेवलं आणि सांगितलं, मार फुली. कशावर मारली, ते त्यांना कुठं कळणार?"

"हो," नेस्ट म्हणाली. तिला इथंच थांबता आलं असतं. कागद घडी करून पेटीत टाकायचा आणि झाकण लावायचं. म्हातारा आज घरी जाऊन, आजोबांना फसवलं होतं म्हणून सुनेला सांगेल, रविवारी प्रार्थनेनंतर चार लोकांना सांगेल.

"ते खाली काय आहे?" एनॉकनं विचारलं. "फुलीच्या खाली. बारीक अक्षरात."

"ते..." तिनं कागद खिडकीच्या उजेडाकडे धरला. ते अक्षर तिनं सकाळीच ओळखलं होतं. तिच्या घरातल्या बायबलच्या पहिल्या पानावर सगळ्या पोरांच्या जन्मतारखा याच अक्षरात होत्या. याच माणसाची तसबीर शाळेच्या दारावर लावलेली होती.

ती वाचू लागली. "वरील मजकूर मी सदर शॅड्रॅक यांस वेल्श भाषेत वाचून दाखवला व नीट समजावून दिला. टॉमस मॉर्गन, शाळामास्तर."

तिनं त्या नावाखाली बोट ठेवलं.

"माझे आजोबा," नेस्ट म्हणाली.

"ठाऊक आहे मला टॉमस मास्तर कोण ते."

"मग एक तर तुमच्या आजोबांना सगळं ठाऊक होतं, नाहीतर माझे आजोबा खोटं लिहून गेले. तिसरं काही नाही यात, एनॉक."

तिनं यादीची वही ओढली. सकाळपासून रिकाम्या सोडलेल्या ओळीत तिनं शॅड्रॅकचं नाव लिहिलं. टाक पुन्हा शाईत बुडवला आणि त्याच्या पुढे टॉमस मॉर्गन लिहिलं. शेवटचं अक्षर फुटलं. बसल्या जागेवरून एनॉकला ती अक्षरं लागत नव्हती, पण नावं दोन आहेत एवढं त्याला दिसलं.

तो टोपीची कड बोटांत फिरवत राहिला.

"आमच्या आजोबांना कमी ऐकू यायचं," तो सावकाश म्हणाला.

नेस्टनं वर पाहिलं. शॅड्रॅकचं लंगडणं, त्याचा चिक्कूपणा, त्याचा राग, सगळं तिनं लहानपणापासून ऐकलं होतं. गावानं त्या माणसाबद्दल बोलायचं काहीच शिल्लक ठेवलं नव्हतं. पण तो बहिरा होता, असं आजवर कोणी म्हटलं नव्हतं.

"कोणत्या कानानं?" तिनं विचारलं.

एनॉकला थोडा विचार करावा लागला.

"डाव्या," तो म्हणाला. "मास्तर त्याच बाजूला बसले असतील."