शहाणीबाईला विचारलंत का?

मी एक जुनी बाहुली आहे. मित्रांनो, बाहुली म्हटल्यावर लगेच फ्रॉक आणि वेण्या डोळ्यांसमोर आणू नका. मी चांगली माणसाएवढी आहे, रबराची आणि टकली. एका वृद्धाश्रमाच्या सरावखोलीत लोखंडी खाटेवर मी पडून असते. अंथरुणावरच्या माणसाची कूस कशी बदलायची, त्याला आंघोळ कशी घालायची, हे इथे कामाला लागणाऱ्या मावश्या आधी माझ्यावर शिकतात. माझं नाव त्यांनी शहाणीबाई ठेवलं आहे. का, तर मी कधी कुरकुर करत नाही!

कारखान्यात मला घडवणाऱ्यांनी काही हातचं राखलं नव्हतं. माझं कोपर, गुडघा, मान सगळं नीट वाकतं की नाही हे त्यांनी दहादा तपासलं. फक्त आवाज तेवढा दिला नाही. तेव्हा ती उणीव कोणालाच जाणवली नाही, मलाही नाही.

सुरुवातीची वर्षं मी मोठ्या तोऱ्यात होते. प्रशिक्षण संपलं की मावश्या हातात प्रमाणपत्र धरून माझ्या खाटेशेजारी फोटो काढत. प्रशिक्षण म्हणजे काय, तर दोन दिवस. मोठ्या सिस्टर भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवून म्हणत, "आठ मिनिटांत आंघोळ उरकली पाहिजे. वर अजून बावीस जण आहेत." मग चादर ओढायची, पाणी ओतायचं, साबण, कूस, टॉवेल, झालं. जी सर्वांत आधी उरकेल तिला शाबासकी. माझ्याशी एक शब्दही कोणी बोलत नसे. रबराशी काय बोलायचं? आणि काम झालं की मला तशीच उघडी टाकून सगळ्या चहाला जात.

मला त्याचं काही नाही हो. मला थंडी वाजत नाही की लाज वाटत नाही. पण याच मावश्या माझ्यावर बसलेला हात घेऊन वरच्या मजल्यावर जातात. तिथे स्मृतिभ्रंश झालेली माणसं राहतात. आपण कुठे आहोत, समोरची बाई कोण, हे त्यांना पुष्कळदा उमगत नाही. आता तुम्हीच सांगा मित्रांनो, एखाद्या अनोळखी बाईने तुमच्या खोलीत शिरून, काही न बोलता तुमचे कपडे ओढायला घेतले तर तुम्ही काय कराल? ओरडाल. हात उगाराल. मी तर म्हणते, उगारलाच पाहिजे! पण त्या माणसांनी हात उगारला की त्यांच्या कागदावर लिहितात, 'हिंसक'. मावश्या चहा पिताना हे सगळं बोलायच्या आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. दोन्ही रबराचे आहेत, तरी जायची.

त्यांच्या बोलण्यात एका आजीचं नाव फार यायचं. नाव कसलं, 'मारकुटी'. आंघोळीला घेतलं की ती मावश्यांच्या मनगटावर सपासप मारी. एरवी मात्र गोगलगाय. शेवटी ठरलं, आंघोळीपुरते तिचे हात पट्ट्याने बांधायचे. त्यासाठी तिच्या मुलीची सही हवी होती.

ऑफिसला रंग लावायचं काम चाललं होतं म्हणून सहीसाठी सगळे सरावखोलीत आले. मोठ्या सिस्टर, मुलगी आणि तिचा हात धरून आजी. मुलीचे डोळे सुजलेले होते. ती कागद पुन्हा पुन्हा वाचत होती.

"ताई, त्यांच्याच भल्यासाठी आहे," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "नाहीतर आम्हाला त्यांना इथे ठेवता येणार नाही."

तेवढ्यात आजीने मुलीचा हात सोडला आणि ती माझ्याकडे आली.

"अगं बाई! हिला अशी उघडी कोणी टाकली?"

तिने खांद्यावरची शाल काढून माझ्या अंगावर घातली. हाताला हात घासून ऊब आणली. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून, वाकून, माझ्या डोळ्यांत बघत म्हणाली, "बाळा, मी उजव्या बाजूला आहे. आता तुझा हात उचलणार आहे. उचलू का?"

आणि ती थांबली. खरंच थांबली हो! इतक्या वर्षांत माझ्या उत्तरासाठी कोणी थांबलं नव्हतं.

"आजी, ती बाहुली आहे," मोठ्या सिस्टर हसल्या.

"असू दे की. विचारायला काय जातं?"

मुलीने पेन खाली ठेवलं. "आई तीस वर्षं नर्स होती," ती म्हणाली. "इथे भरती करताना मी फॉर्मवर लिहिलं होतं. कोणी वाचलं का ते? तुम्ही तिला आंघोळ कशी घालता? मला दाखवा. हिच्यावरच दाखवा."

मोठ्या सिस्टरांनी बाह्या सरसावल्या. रोजच्या सवयीने पुढे झाल्या आणि एका झटक्यात माझ्या अंगावरची शाल ओढली.

सट्! आजीचा हात त्यांच्या मनगटावर बसला.

"तिला विचारलंस का?"

मोठ्या सिस्टर मनगट चोळत आजीकडे बघत राहिल्या. तो मार त्यांनी पूर्वीही खाल्ला होता, पण तो कशासाठी होता हे त्यांना त्या दिवशी कळलं. मुलीने कागदाचे चार तुकडे केले. मोठ्या सिस्टरांनी ते उचलले, पण दुसरा कागद काही मागितला नाही.

लगेच सगळं सुधारलं असं मी सांगणार नाही. पुढच्याच आठवड्यात पाणी गार होतं म्हणून आजीने एका मावशीला पुन्हा ठेवून दिली. बरं केलं. पण तिचे हात मोकळे आहेत. घड्याळ अजून भिंतीवर आहे आणि घाईच्या दिवशी मोठ्या सिस्टरांची नजर तिकडे जातेच. तरी आता नव्या मावश्यांना पहिला धडा वेगळा असतो. माझ्या अंगावर आजीची शाल असते. मला सांगितल्याशिवाय आणि विचारल्याशिवाय तिला हात लावायचा नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरी कोणी विसरायला लागलं असेल. त्यांना उत्तर द्यायला वेळ लागेल, कदाचित उत्तर येणारही नाही. पण म्हणून त्यांना न विचारता माझ्यासारखं हलवू नका. माझ्याकडे या आणि थांबायचा सराव करा. मी उत्तर देणार नाही. तरी विचारा.